नोंदवहीतला गांजा

गांजाचा औषध म्हणून वापर कायदेशीर करावा का, हा वाद भारतात अधूनमधून डोकं वर काढतो. जुलै २०१७मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री मेनका गांधी यांनी मंत्रिगटाच्या बैठकीत तशी सूचना केली, तेव्हा बरीच चर्चा झाली. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून बाहेर काढलं. ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला आणि भारताने त्याच्या बाजूने मत दिलं.

आमच्या कल्याण-मुंब्रा पट्ट्यात मात्र हा विषय काढला की दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, ‘हराम आहे, बोलायचं काय त्यात?’ आणि दुसरं, ‘अमक्याच्या पोराला पोलिसांनी उचललं.’ दोन्ही वाक्यांमागे खरी काळजी आहे. पण औषध आणि नशा यांतली सीमा कुठे आखायची, हा प्रश्न आपल्या आधीच्या लोकांनीही सोडवू पाहिला होता. त्याचे काही धागे थेट आपल्या जिल्ह्यापर्यंत येतात.

ठाणे जिल्ह्याच्या इतिहासावर काहीही लिहायचं झालं, तर १८८२चा गॅझेटिअर उघडावा लागतो. बावा मलंगच्या डोंगरापासून कल्याणच्या जुन्या बंदरापर्यंत सगळं त्यात आहे. त्याचा संपादक जेम्स कॅम्पबेल पुढे मुंबईत जमीन महसूल, कस्टम आणि अफू या खात्यांचा कलेक्टर झाला. त्याच काळात, १८९३ साली, ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारला गेला की हिंदुस्थानात गांजामुळे लोक वेडे होतात, मग सरकार त्यावर महसूल कसा कमावतं? उत्तर शोधण्यासाठी ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमलं गेलं. सात सदस्य, त्यांत तीन हिंदी. त्यांनी प्रांतोप्रांती फिरून ११९३ साक्षी नोंदवल्या.

कॅम्पबेलने या कमिशनला भांगेच्या धार्मिक स्थानावर एक टिपण दिलं. त्यात शंकराची भांग तर आहेच, पण मुसलमान फकिरांचाही उल्लेख आहे. भांगेत ख्वाजा खिज्र यांचा वास असतो, अशी त्यांची श्रद्धा असल्याचं तो लिहितो. शरीअतच्या चौकटीत ही श्रद्धा बसत नाही आणि उलेमांनी ती कधी मान्यही केली नाही. तरीही दर्ग्याच्या पायऱ्यांवर चिलीम ओढणारा मलंग हे चित्र आपल्याला अनोळखी नाही. ते झाकून हा इतिहास लिहिता येणार नाही.

कमिशनचं सगळ्यांत मोलाचं काम वेगळंच होतं. त्यांनी वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवह्या तपासल्या. १८९२ साली दाखल झालेल्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे वेडाचं कारण म्हणून गांजा, भांग किंवा चरस लिहिलेलं होतं. कमिशनने एकेका प्रकरणाची फेरचौकशी केली आणि आकडा ९८वर आला. त्यांतही निव्वळ या पदार्थांमुळे वेड लागलं असं मानता येईल अशी ६१च प्रकरणं उरली. बाकीच्यांचं काय झालं होतं? रुग्णाला पोलीस घेऊन यायचे, त्याच्यासोबतचा कागदही तेच भरायचे. ‘कारण’ नावाचा रकाना रिकामा ठेवायचा नसे. हा गांजा ओढायचा का, असं कुणाला तरी विचारायचं, ‘हो’ म्हटलं की रकान्यात गांजा. डॉक्टर तेच पुढे उतरवून घ्यायचे आणि वर्षाअखेरीस त्याची आकडेवारी तयार व्हायची.

माफक सेवनाने सहसा इजा होत नाही, अतिसेवनाने होते, असा निष्कर्ष १८९४च्या अहवालात निघाला. संपूर्ण बंदीऐवजी परवाने, कर आणि नियंत्रण हा मार्ग कमिशनने सुचवला. वैद्य आणि हकीम या वनस्पतीचा औषधात वापर करतात, हेही नोंदवलं. सरकारला महसूल हवा होता, हे विसरून तो अहवाल वाचू नये. पण नोंदवहीवर शंका घेण्याची त्यांची पद्धत आजही शिकण्यासारखी आहे. ठाण्याचं मनोरुग्णालय त्यानंतर, १९०१ साली, सुरू झालं. ‘याला ठाण्याला न्या’ ही चेष्टा सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. माणसावर एकदा शिक्का बसला की त्याच्यामागचं खरं कारण कुणी विचारत नाही, हे ठाणेकरांना वेगळं सांगायला नको.

आता ‘हराम’ या शब्दाकडे वळू. इब्न तैमिया यांनी चौदाव्या शतकात हशीशवर अत्यंत कठोर मत दिलं. त्याच शतकात झरकशी यांनी हशीशच्या निषेधावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. मात्र निषेधाची बाजू मांडतानाही औषधाच्या प्रश्नाचा त्यांनी वेगळा विचार केला. पंधराव्या शतकातल्या बद्रीने बगदादची एक हकीकत नोंदवली आहे. दरबारातल्या एका अधिकाऱ्याच्या मुलाला अपस्मार होता. एका कवीने त्याला हशीश दिली. झटके थांबले, पण पुढे त्या मुलाला तिच्यावाचून क्षणभरही राहवेना. या छोट्या हकीकतीत आजच्या वादाच्या दोन्ही बाजू आहेत. २०१८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मुलांमधल्या दोन गंभीर अपस्मारांसाठी कॅनाबिडिओलला मंजुरी दिली. हे गांजाच्या झाडातलंच द्रव्य, पण नशा न आणणारं. बगदादच्या त्या मुलाला जे मिळालं नाही ते इथे आहे: वेगळं काढलेलं द्रव्य, मोजलेली मात्रा आणि डॉक्टरांची देखरेख. निकडीच्या वेळी निषिद्धालाही मुभा मिळते, हे तत्त्व फिक्हमध्ये जुनं आहे. ती निकड किती आणि कुठवर, हे ठरवायला जाणकार लागतो.

आपला कायदा काय म्हणतो? १९८५चा एनडीपीएस कायदा गांजावर बंदी घालतो, पण वैद्यकीय आणि वैज्ञानिक कारणांसाठी सरकारी परवानगीने वाट मोकळी ठेवतो. मग अडलं कुठे? उत्तरासाठी मॉर्फिनकडे पाहावं. मॉर्फिन औषध आहे, यावर कधीच वाद नव्हता. तरीही १९८५नंतर परवान्यांच्या जंजाळामुळे आणि तुरुंगाच्या धास्तीने दुकानांनी, इस्पितळांनी ते ठेवणं सोडलं. भारतातला वापर घसरत १९९७मध्ये जेमतेम १८ किलोवर आला. डोंबिवलीहून लोकल पकडून परळला टाटा रुग्णालयात जाणाऱ्या कर्करुग्णाच्या वेदनेशी या आकड्याचा थेट संबंध आहे. नियम सोपे करणारी दुरुस्ती २०१४ साली झाली. म्हणजे कायद्यात ‘औषध’ हा शब्द असूनही जवळपास तीस वर्षं तो रुग्णाच्या उशाशी पोहोचला नाही. गांजाच्या औषधांबाबत उद्या नियम बदलले आणि परवान्यांची हीच गत राहिली, तर वेगळं काही घडणार नाही.

माझं मत विचाराल तर खुल्या विक्रीला माझा विरोध आहे. कोवळ्या वयातल्या सेवनाने मनोविकाराचा धोका वाढतो, हे आता नीट अभ्यासलं गेलं आहे. आपल्या गल्लीतल्या पोरांना ते परवडणारं नाही. पण संशोधनाला वाव, प्रमाणित औषध आणि प्रशिक्षित डॉक्टर यांची मागणी करण्यात धर्माच्या किंवा नीतीच्या आड येणारं मला काही दिसत नाही.

आणि पोलिसांनी उचललेल्या त्या पोराचं? याच कायद्यात ६४ए नावाचं कलम आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने सरकारी अथवा मान्यताप्राप्त केंद्रात स्वतःहून उपचार घेतले आणि ते पूर्ण केले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. त्याच्या नावापुढे ‘आरोपी’ लिहिलं जाईल की ‘रुग्ण’, हे बऱ्याचदा घरच्यांना या कलमाची माहिती वेळेत मिळते की नाही यावर ठरतं. जुम्म्याच्या बयानात नशेविरुद्ध आपण खूप ऐकतो, ऐकायलाही हवं. त्याच बयानात दोन मिनिटं काढून या कलमाबद्दल आणि जवळच्या उपचार केंद्राबद्दल सांगितलं, तर एखाद्या घराचं पोर वाचेल.