दारी आलेले संग्रहालय

भाईंदरच्या मुलाला मोठे संग्रहालय पाहायचे तर आगगाडीने मुंबई गाठावी लागते. ज्याच्या बापाला सुटीच नाही, त्याने काय करावे? जगन्नाथ शंकरशेट व डॉ. भाऊ दाजी लाड यांनी ज्यासाठी खटपट केली, ते संग्रहालय १८७२ साली भायखळ्याच्या राणीच्या बागेत लोकांना खुले झाले. पुढे तेथील मातीच्या बाहुल्यांतून निरक्षरालाही नाना धंदे नि पेहराव उमगू लागले. पण तेथवर पोहोचणाऱ्यालाच! १९२२ साली उघडलेल्या फोर्टातील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ साली ही अट मोडली. बसमध्येच प्रदर्शन मांडून ती शाळांच्या, खेड्यांच्या दारी धाडली. देवाला पालखीत बसवून गावभर नेण्याची आपली रीत. कलेने तरी गाभाऱ्यातच का बसावे?