कपॅसिटरांच्या पाळीची कुळकथा

मुळशीचं पाणी सह्याद्रीवरून कोकणात भिऱ्याला उतरतं आणि तिथे झालेली वीज 1927 पासून मुंबईला जाते. 1921 मध्ये सेनापती बापटांसोबत मावळे धरणाविरुद्ध सत्याग्रहाला बसले, ते या विजेपायी बुडणाऱ्या भातखाचरांसाठी. मुंबईच्या विजेचा विषय निघाला की मला आधी ती खाचरं आठवतात.

आता मुंबईत विजेच्या तारांच्या नव्या मनोऱ्यांना जागा नाही. त्यामुळे वाडा तालुक्यातल्या कुडूसहून आरेला येणारी 1000 मेगावॅटची वाहिनी शहरात जमिनीखालून जाते आणि म्हणूनच ती डीसी आहे. तिच्या दोन्ही टोकांना एसीचं डीसी, डीसीचं एसी करणारे कन्व्हर्टर लागतात. असा कन्व्हर्टर म्हणजे कपॅसिटरांच्या लांबलचक उतरंडी. हवे तितके कपॅसिटर रांगेत घ्यायचे, नको तेवढे वगळायचे, की पायरी-पायरीने एसीची लाट उभी राहते. पण एखादा कपॅसिटर गरजेपेक्षा जास्त भरला तर त्याच्या शेजारचे स्विच जळतात.

ही अडचण जुनी आहे. 1981 मध्ये जपानमध्ये नाबाए, ताकाहाशी आणि आकागी यांनी तीन पायऱ्यांचा इन्व्हर्टर, म्हणजे डीसीचं एसी करणारा कन्व्हर्टर, मांडला. त्यात कपॅसिटर दोनच, तरी त्यांच्या मधल्या बिंदूचा व्होल्टेज एका बाजूला सरकायचा. 1992 मध्ये फ्रान्समधल्या तुलूझच्या मेनार आणि फोश यांच्या रचनेत एकच व्होल्टेज मिळवायच्या एकाहून अधिक वाटा होत्या. त्यातली कपॅसिटरला सावरणारी वाट निवडायची. मला खरं बीज इथे दिसतं.

ते फळलं म्युनिकमध्ये. राइनर मार्क्वार्ट आणि लेस्निकार यांनी 2003 मध्ये मांडलेल्या कन्व्हर्टरमध्ये प्रत्येक कपॅसिटरचा व्होल्टेज मोजून चढती रांग लावतात. प्रवाह भरणारा असेल तर सर्वांत रिकामे आधी आत, उपसणारा असेल तर सर्वांत भरलेले. कोरड्या खाचराला पाण्याची पाळी आधी द्यावी, तसं हे वाटप. समतोलासाठी वेगळं यंत्र नाही, फक्त पाळी कुणाची एवढाच निर्णय. किती सुंदर कल्पना ही!

मात्र दर वेळी रांग मोडून नव्याने लावली तर स्विच विनाकारण उघडझाप करतात आणि ऊर्जा वाया जाते. म्हणून पुढे सवलत आली: फरक ठरावीक मर्यादेबाहेर जाईपर्यंत आत असलेल्याला आतच राहू द्यायचं.

2010 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीखालून याच जातीच्या कन्व्हर्टरांची 400 मेगावॅटची वाहिनी सुरू झाली. तिच्या प्रत्येक उतरंडीत दोनशेहून जास्त कपॅसिटर आपापल्या पाळीची वाट पाहत उभे आहेत.