ऋतक कीं ऌतक?

मराठींत 'नांव ठेवणें' या शब्दप्रयोगाला दोन अर्थ आहेत. एक बारशाचा आणि दुसरा दोष काढण्याचा. तान्ह्या मुलाच्या नांवाच्या उच्चारावरून घरांत मतभेद झाला, म्हणजे हे दोन्ही अर्थ एकाच पाळण्याभोंवतीं गोळा होतात. मुलीचें नांव 'ऋचा' ठेवावें याविषयीं सर्वांचें एकमत असतें. परंतु पुण्याची आजी तिला 'रुचा' म्हणते, आणि इंदुरास लहानाची मोठी झालेली आई 'रिचा' म्हणते. मग शुद्ध कोणतें, असा प्रश्न निघतो आणि बहुधा सुनेचाच उच्चार अशुद्ध ठरतो. हा वाद आजकालच्या बेशिस्तीचें लक्षण आहे, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तो निदान दोन हजार वर्षांचा जुना असून, त्याच्या इतिहासांत घरोघरच्या या तंट्याला उपयोगी पडेल असें बरेंच कांहीं आहे.

पतंजलीचें 'महाभाष्य' इ. स. पूर्व दुसऱ्या शतकांतलें मानलें जातें. व्याकरण कां शिकावें, हें सांगतांना पतंजलीनें मुलाचें नांव ठेवणें हेंहि एक प्रयोजन म्हणून दिलें आहे. जन्मानंतर दहा दिवस लोटल्यावर नांव ठेवावें, त्याचा आरंभ घोषवर्णानें व्हावा, मध्यें य, र, ल, व यांपैकीं एखादा वर्ण यावा, आणि तें दोन किंवा चार अक्षरांचें असावें, असे याज्ञिकांचे नियम तो सांगतो. परंतु आपल्या विषयाला याहूनहि जवळचा उतारा थोडा पुढें आहे. 'ऋऌक्' या सूत्रांत 'ऌ' हा वर्ण कशासाठीं सांगितला, अशी शंका तेथें घेतली आहे. कारण संस्कृतांत तो जवळजवळ एकाच धातूपुरता येतो. त्यावर जीं उत्तरें पुढें केलीं आहेत, त्यांपैकीं दोन नांवांविषयींचीं आहेत. एक असें कीं, कोणाचें नांव केवळ हौसेनें 'ऌतक' असेंच ठेवलेलें असूं शकेल. दुसरें असें कीं, एखाद्या ब्राह्मणीला 'ऋतक' हें नांव म्हणतां न आल्यामुळें ती 'ऌतक' म्हणाली, तर ती काय म्हणाली हें दुसऱ्याला सांगावयाचें असतां 'ऌ' हा वर्ण लागणारच.

याला प्रतिपक्षहि आहे. तो म्हणतो कीं, हौसेचीं नांवें म्हणून कांहीं नसतेंच. व्युत्पत्तीला धरून असलेलें 'ऋतक' हेंच खरें नांव होय. आज कुटुंबांत जे दोन पक्ष दिसतात, तेच हे. एकाच्या मतें नांव म्हणजे हांक मारणारे जें म्हणतात तें. दुसऱ्याच्या मतें नांव म्हणजे शास्त्र जें म्हणतें तें. अडखळलेला उच्चार त्या वेळींहि एका स्त्रीच्याच माथीं मारलेला आहे, हेंहि ध्यानांत घेण्याजोगें आहे. तरीपण तिचा उच्चार जसाच्या तसा सांगतां यावा, यासाठीं शास्त्रांत एका वर्णाला जागा असावी, हा पक्ष त्या वैयाकरणांनीं आदरानें मांडला.

उच्चाराची कडक शिस्त कोठें हवी, याविषयींहि पतंजलि विवेक करतो. 'इंद्रशत्रु' या शब्दाचा स्वर चुकल्यामुळें वृत्राचा घात झाला, ही कथा तो देतो. पण ती यज्ञांतली आहे. उलट, 'यद्वा नः तद्वा नः' याऐवजीं 'यर्वाणः तर्वाणः' म्हणणाऱ्या, आणि म्हणून त्याच नांवानें ओळखल्या जाणाऱ्या ऋषींना तो ज्ञानीच म्हणतो. कारण यज्ञकर्मांत ते तसें बोलत नसत. वेदपाठाची शिस्त वेगळी व घरच्या बोलण्याची मोकळीक वेगळी, हा भेद त्यानें स्पष्ट राखला आहे.

आतां, 'रु' आणि 'रि' यांपैकीं मूळचा उच्चार कोणता? याचें उत्तर, दोहोंपैकीं एकहि नाहीं, असें आहे. 'ऋ' हा स्वर आहे. 'रु' व 'रि' यांत व्यंजन अधिक स्वर अशी जोड आहे. तो स्वर मुखांत कोठें उत्पन्न होतो, याविषयींहि प्राचीनांचें एकमत नव्हतें. पाणिनीय परंपरा त्याला मूर्धन्य म्हणते, तर ऋक्प्रातिशाख्य त्याचें स्थान जिव्हामूल सांगतें. लोकांच्या तोंडीं तर तो फार पूर्वींच फुटला होता. अशोकाच्या पहिल्या शिलालेखांत राजाच्या पाकशाळेसाठीं दोन मोर व एक हरिण मारलें जातें, असा उल्लेख आहे. त्यांतील 'मृग' हा शब्द गिरनारच्या खडकावर 'मग' असा, डेहराडूनजवळ कालसी येथें 'मिग' असा, आणि वायव्येस शाहबाजगढी व मानसेहरा येथें अनुक्रमें 'म्रुग' व 'म्रिग' असा येतो. राजा एक, आज्ञा एक, शतक इ. स. पूर्व तिसरें; आणि एका शब्दाचे उच्चार चार!

महाराष्ट्रांतहि हीच स्थिति होती. पुराणें ज्या सातवाहन राजाला 'कृष्ण' म्हणतात, त्याचें नांव नाशिकच्या लेण्यांत 'कण्ह' असें कोरलेलें आहे. पुढें देवगिरीचा यादव राजा कृष्ण (इ. स. १२४६ ते १२६१) हाहि 'कान्हर' म्हणून ओळखला जाई. त्यामुळें कोणाच्या राज्याला उणेपणा आला नाहीं. आपण 'ऋ' वाचतांना 'रु' म्हणतों. गुजराती, उडिया व तेलुगु लोकहि तसेंच म्हणतात. हिंदी व बंगाली लोक 'रि' म्हणतात. परंतु वंशपरंपरेनें आलेल्या 'रीण' (ऋण) आणि 'रीस' (ऋक्ष, म्हणजे अस्वल) या शब्दांत आपल्या मराठीनेंहि 'रि' राखला आहे. तेव्हां 'रि' हा परका, असें मराठी माणसानें तरी म्हणूं नये.

देवनागरींत 'ऋचा' लिहिलें कीं दोन्ही उच्चार त्या एका अक्षराखालीं सुखानें नांदतात. अडचण येते ती रोमन लिपींत. तेथें 'यू' घालावयाचा कीं 'आय', हें ठरवावेंच लागतें, आणि शाळेपासून पारपत्रापर्यंत तें मुलीच्या मागें लागतें. यासाठीं घाई मात्र करूं नये. इ. स. १९६९ च्या जन्म-मृत्यु नोंदणीच्या कायद्याप्रमाणें नांवावांचूनहि जन्माची नोंद होते व नांव मागाहून भरतां येतें. तेवढ्या अवधींत घरानें एकत्र बसून एक उच्चार ठरवावा. तो आईच्या तोंडचा असला तर त्यांत शास्त्राचा कोणताहि भंग होत नाहीं. कारण शुद्धाशुद्धाच्या निकषावर दोन्ही बाजू सारख्याच उतरतात; मग एकीनें दुसरीला, आणि तेंहि बाळंतिणीला, शुद्धतेचा धाक घालण्यांत काय अर्थ? पुढें ती मुलगी स्वतः बोलूं लागेल आणि आपलें नांव काय म्हणून सांगेल, तोच उच्चार सर्वांनीं, आजीनेंसुद्धां, प्रमाण मानावा.