प्लेटलेट कमी असल्या तरी हृदयोपचार शक्य

एकोडी (जि. भंडारा) : कर्करोगावरील उपचार सुरू असतानाच हृदयविकाराचा झटका आला आणि रक्ततपासणीत प्लेटलेटची संख्या कमी आढळली, तर रुग्णाचे कुटुंबीय पेचात सापडतात. अँजिओप्लास्टी केली तर रक्तस्रावाची भीती आणि टाळली तर हृदयाला धोका. पूर्वी अशा रुग्णांना हृदयोपचारांपासून दूर ठेवण्याकडेच कल असे. आता मात्र केवळ प्लेटलेटचा आकडा पाहून उपचार नाकारू नयेत, असे वैद्यकशास्त्र मानते.

प्लेटलेट का घटतात?

रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या या सूक्ष्म पेशींना मराठीत बिंबिका म्हणतात. निरोगी व्यक्तीच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. केमोथेरपीमुळे अस्थिमज्जेचे कार्य मंदावते आणि ही संख्या घटते. अनेक औषधांनंतर ती दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास तळ गाठते व पुढे हळूहळू सावरते. रक्ताच्या कर्करोगात तर अस्थिमज्जाच रोगग्रस्त असते.

प्लेटलेट कमी असल्या की गुठळी होणारच नाही, हा मोठा गैरसमज होय. कर्करोगामुळे रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढते. सिस्प्लॅटिनसारख्या औषधाने गुठळीचा धोका वाढतो, तर फ्लुरोयुरॅसिलमुळे हृदयाच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावू शकतात. अमेरिकेतील ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्राच्या डॉक्टरांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्लेटलेट कमी असूनही ॲस्पिरिन मिळालेल्या हृदयरुग्णांपैकी ९० टक्के सात दिवसांनंतर हयात होते. ॲस्पिरिन न मिळालेल्यांत हे प्रमाण अवघे ६ टक्के होते. अभ्यास लहान होता. पण डॉक्टरांच्या विचाराला त्याने वेगळी दिशा दिली.

आकडे काय सांगतात?

अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये दिलेल्या मतानुसार, अँजिओग्राफीसाठी प्लेटलेटची किमान मर्यादा नाही. बहुतेक हृदयोपचारांसाठी ४० ते ५० हजार प्लेटलेट पुरेशा मानल्या जातात. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार संख्या १० हजारांखाली असल्यास ॲस्पिरिन, ३० हजारांखाली क्लोपिडोग्रेल आणि ५० हजारांखाली प्रासुग्रेल वा टिकाग्रेलॉर देऊ नये.

शक्यतो मनगटाच्या धमनीतून नळी सरकविली जाते. तेथे दाब देऊन रक्तस्राव थांबविणे जांघेपेक्षा सोपे असते. हिपॅरिनची मात्रा कमी ठेवली जाते. स्टेंट बसविल्यानंतर दोन रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा काळही शक्य तितका, म्हणजे १ ते ३ महिन्यांपर्यंत, आखूड केला जातो. प्रकृती स्थिर असल्यास प्लेटलेट वाढेपर्यंत थांबणे अनेकदा श्रेयस्कर ठरते.

ग्रामीण रुग्णांनी काय करावे?

साकोली तालुक्यातील एकोडीसारख्या गावांतील रुग्णांना केमोथेरपी व अँजिओप्लास्टी या दोन्हींसाठी प्रामुख्याने नागपूरवर अवलंबून राहावे लागते. हे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. छातीत दुखू लागल्यावर पहिला उपचार मात्र जवळच्या रुग्णालयातच होतो. तेथे गुठळी विरघळविणारे इंजेक्शन दिले जाऊ शकते. प्लेटलेट खूप कमी असलेल्या रुग्णाला त्याने मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. म्हणूनच केमोथेरपी सुरू असल्याचे डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगावे. उपचारांची फाइल, शेवटच्या केमोथेरपीची तारीख आणि रक्ततपासणीचा ताजा अहवाल नेहमी जवळ बाळगावा.

प्लेटलेटच्या पिशव्या ऐनवेळी मिळतीलच, याची खात्री नसते. त्या २० ते २४ अंश तापमानात, सतत हलवत ठेवून साधारण पाचच दिवस टिकतात. त्यामुळे रक्तपेढी, हृदयरोग व कर्करोग विभाग हाताशी असलेले रुग्णालय कोणते, याची चौकशी केमोथेरपी सुरू होतानाच करून ठेवावी. स्टेंट बसविलेल्या रुग्णाने रक्तस्रावाच्या भीतीने ॲस्पिरिन वा क्लोपिडोग्रेल परस्पर बंद करू नये. औषध थांबवायचे की चालू ठेवायचे, हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ व कर्करोगतज्ज्ञ यांनी एकत्रितपणे घ्यावयाचा असतो.