हुजूर, मजूर आणि पैठणचे शुद्धिपत्र

मराठी वर्तमानपत्रांनी ब्रिटनच्या दोन मोठ्या पक्षांना कधीकाळी दोन नावे दिली आणि ती चिकटली. कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे हुजूर, लेबर म्हणजे मजूर. यमक झकास जुळले. पण या यमकाने आपल्या माणसांच्या डोक्यात एक निकाल आधीच लावून टाकला. हुजूर म्हटले की गढीवरचा पाटील डोळ्यासमोर येतो आणि मजूर म्हटले की आपला बाप. मग मजूर पक्ष आपला आणि हुजूर पक्ष त्यांचा, इतके सोपे गणित मांडून लोक मोकळे होतात.

दुसऱ्या टोकाला उलटे चालते. १४ एप्रिल जवळ आला की मोबाईलवर चर्चिलचे एक वाक्य फिरू लागते. स्वातंत्र्य मिळाल्यावर भारताची सत्ता गुंड-लुटारूंच्या हाती जाईल, असे चर्चिल म्हणाला होता म्हणे. हे वाक्य त्याच्या कोणत्याही छापील भाषणात सापडत नाही. तरीही आपली पोरे ते पाठवतात आणि खाली लिहितात, बघा, इंग्रजाने ओळखले होते. त्यावर समोरचा मनुवादी टपलेलाच असतो. तो म्हणतो, बघा, हे इंग्रजांचेच हस्तक. दोघांचेही चुकते, आणि चूक एकच आहे. लंडनच्या पुढाऱ्याने आपल्याबद्दल काय म्हटले, यावर आपली किंमत ठरते असे दोघांनाही वाटते.

आम्ही पैठणच्या मातीतले. प्रमाणपत्र मागण्याची गोष्ट आम्हाला कुणी नव्याने शिकवायला नको. परंपरा सांगते की संन्याशाची मुले म्हणून वाळीत टाकलेली चार भावंडे आळंदीहून इथे शुद्धिपत्र मागायला आली. ज्ञानेश्वरासारख्या माणसाला, तू शुद्ध आहेस, हे पैठणच्या ब्रह्मवृंदाकडून लिहून घ्यावे लागले. त्या कथेत रेड्याने वेद म्हटल्याचा चमत्कार सगळे सांगतात. शुद्धिपत्र देण्याचा अधिकार त्या मंडळींना दिला कुणी, हा प्रश्न कुणी विचारत नाही. बाबासाहेब आंबेडकर आयुष्यात अनेकदा लंडनला गेले, तिथल्या पंतप्रधानांसमोर उभे राहिले, पण शुद्धिपत्र मागायला एकदाही गेले नाहीत. ते हिशेब मागायला गेले. हा फरक समजून घ्यायचा तर त्यांनी ज्या ज्या ब्रिटिश पुढाऱ्यांशी व्यवहार केला, ते एकेक करून पाहावे लागतात.

पहिला रॅम्से मॅकडोनाल्ड. स्कॉटलंडच्या एका मासेमारीच्या गावात मोलकरणीच्या पोटी, लग्नाबाहेर जन्मलेला मुलगा मजूर पक्षाचा पहिला पंतप्रधान झाला. १९३० च्या नोव्हेंबरात पहिली गोलमेज परिषद भरली तेव्हा अध्यक्षस्थानी तोच होता. गरिबीतून वर आलेला, मजुरांचा नेता. त्याच्यासमोर कुणीही थोडे हळवे झाले असते. बाबासाहेबांनी काय केले? २० नोव्हेंबरच्या भाषणात त्यांनी ब्रिटिश सत्तेचाच पंचनामा केला. इंग्रज येण्याआधी आम्हाला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, आज येते का? देवळात जाता येत नव्हते, आज येते का? पोलिसात घेत नव्हते, आज घेतात का? दीडशे वर्षांच्या राज्यात आमच्या जखमा उघड्याच राहिल्या, आणि सावकार-जमीनदाराला हात लावायची या सरकारची हिंमत नाही, म्हणून आम्हाला लोकांचे सरकार हवे आहे, हा त्या भाषणाचा आशय. इंग्रजांचा हस्तक इंग्रज पंतप्रधानाच्या तोंडावर असे बोलतो का, हे त्या हस्तकवाल्यांनी सांगावे.

१९३२ च्या ऑगस्टमध्ये याच मॅकडोनाल्डच्या सहीने जातीय निवाडा आला. प्रांतिक कायदेमंडळांत अस्पृश्यांना ७१ जागा, स्वतंत्र मतदारसंघ आणि शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही मत. पण त्या वेळी मॅकडोनाल्ड मजूर पक्षाचा राहिलाच नव्हता. १९३१ मध्ये त्याने इतर पक्षांबरोबर संयुक्त सरकार बनवले म्हणून त्याच्याच पक्षाने त्याला हाकलून दिले होते. सभागृहात प्रचंड बहुमत होते हुजूर पक्षाचे, आणि भारतमंत्री सर सॅम्युअल होअर हाही हुजूर पक्षाचाच. म्हणजे आपल्या इतिहासातला सर्वात मोठा राजकीय हक्क ज्या सरकारने कागदावर मान्य केला, त्याचा पंतप्रधान मजुरांनी काढून टाकलेला होता आणि बहुमत हुजुरांचे होते. सांगा आता, श्रेय कुणाच्या खात्यावर टाकायचे? आमच्या मते कुणाच्याच नाही. सायमन कमिशनपुढची साक्ष, दोन गोलमेज परिषदा, अल्पसंख्याकांच्या समितीतली रात्रंदिवस मांडणी, यातून बाबासाहेबांनी तो हक्क ओढून काढला होता. पुढे उपोषण झाले, २४ सप्टेंबरला पुणे करार झाला, जागा १४८ झाल्या आणि स्वतंत्र मतदारसंघ गेला. ते दुखणे वेगळे आहे, त्यावर पुन्हा केव्हा तरी.

जाता जाता एक गोष्ट. या ७१ किंवा १४८ जागांत पैठणच्या महारवाड्याला एकही मत नव्हते. मराठवाडा निजामाचा. निवाडा होता ब्रिटिश प्रांतांसाठी. लंडनला आपल्या नावाने एवढी मोठी लढाई चालली होती आणि गोदेच्या या काठावरचा आपला पणजोबा कुणाचाच मतदार नव्हता. निजामाची ही गोष्ट पुढे चर्चिलच्या हिशेबात पुन्हा येणार आहे.

दुसरा क्लेमंट ॲटली. मितभाषी, सदा पाईप ओढणारा, सभेत रंग न भरणारा माणूस. भारतातल्या पुरोगाम्यांना तो देव वाटतो, कारण त्याच्या मजूर सरकारने स्वातंत्र्य दिले. पण हा माणूस अस्पृश्यांच्या प्रश्नाशी अनोळखी नव्हता, हे विसरू नका. १९२८ च्या सायमन कमिशनवर मजूर पक्षाचा सभासद म्हणून तो होता, आणि त्याच कमिशनपुढे २३ ऑक्टोबर १९२८ ला पुण्यात बाबासाहेबांची साक्ष झाली. म्हणजे १९४६ मध्ये पंतप्रधान असलेल्या ॲटलीला आम्ही कोण, किती आणि काय मागतो, हे १८ वर्षे ठाऊक होते. तरी त्याच्या सरकारने पाठवलेल्या कॅबिनेट मिशनने १६ मे १९४६ च्या योजनेत भारतात तीनच समाज मोजले: सर्वसाधारण, मुस्लिम आणि शीख. कोट्यवधी अस्पृश्य 'सर्वसाधारण' या खान्यात विरघळवून टाकले. मजुरांचे सरकार, मजुरांचे मंत्री, आणि देशातला सर्वात खालचा मजूर यादीतून गायब.

कारण काय दिले? शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन १९४६ च्या निवडणुकीत जवळपास सर्वत्र हरली. बाबासाहेबांचे उत्तर सरळ होते. पुणे कराराप्रमाणे आधी प्राथमिक निवडणुकीत फक्त अस्पृश्य मतदार चार जणांचे पॅनेल निवडत, आणि मग अंतिम निवडणुकीत सगळे हिंदू मत देत. अस्पृश्यांना कोण हवे हे पहिल्या मतपेटीत दिसते, दुसऱ्या पेटीत दिसते ते सवर्णांना कोणता अस्पृश्य चालतो. हा हिशेब त्यांनी मांडला, पत्रे लिहिली, जुलैमध्ये पुण्यात कायदेमंडळासमोर फेडरेशनचा सत्याग्रह झाला, ऑक्टोबरमध्ये ते स्वतः लंडनला गेले आणि ॲटलीला भेटले. हाती काही आले नाही.

तिसरा चर्चिल, आणि इथे थोडे थांबावे लागेल, कारण आपल्या लोकांना भुरळ याचीच पडते. सिगार, टोपी, दोन बोटांची खूण, आणि जीभ अशी की वाक्य पन्नास वर्षे फिरावे. १९३१ मध्ये त्याने गांधींना अर्धनग्न फकीर म्हटले. आपल्यातले काही जण हे वाक्य चवीने सांगतात. सांगू नये. ज्या तुच्छतेने तो गांधींच्या कपड्यांकडे पाहत होता, त्या तुच्छतेला महारवाड्यातली लंगोटी वेगळी दिसली असती असे समजणे भोळेपणाचे आहे.

मे १९४६ मध्ये कॅबिनेट मिशनच्या योजनेनंतर बाबासाहेबांनी चर्चिलला तार केली. उत्तर आले की सहा कोटी अस्पृश्यांच्या भवितव्यासाठी हुजूर पक्ष शक्य ते सारे करील. सगळी माणसे जन्मतः समान आहेत या अमेरिकेच्या जाहीरनाम्यातल्या तत्त्वाचाही त्याने आधार घेतला. शब्द उत्तम होते. लंडनच्या त्याच दौऱ्यात बाबासाहेब चर्चिललाही भेटले. भेटले म्हणून हस्तक झाले का? विरोधी पक्षाच्या नेत्याला भेटणे हा संसदीय लोकशाहीतला साधा व्यवहार आहे. सरकारने दार लावले तर माणूस विरोधी बाकावर जातो. आणि चर्चिलची कुंडली बाबासाहेबांना तोंडपाठ होती. १९३५ चा भारत सरकार कायदा, ज्याच्याखाली १९३७ मध्ये अस्पृश्यांचे प्रतिनिधी प्रथमच मोठ्या संख्येने निवडून आले, त्या कायद्याला सभागृहात सर्वात कडवा विरोध चर्चिलचाच होता. १९४३ चा बंगालचा दुष्काळ त्याच्याच पंतप्रधानपदाखाली झाला. त्यात सुमारे ३० लाख माणसे मेली, आणि मेले ते भूमिहीन शेतमजूर, कोळी, कारागीर. समान जन्माचे तत्त्व त्या वर्षी कोणत्या खिशात होते?

आता निजाम. १९४७-४८ मध्ये निजामाला स्वतंत्र राहायचे होते, आणि कॉमन्स सभागृहात त्याची बाजू सर्वात मोठ्या आवाजात मांडणारा होता विन्स्टन चर्चिल. जुलै १९४८ मध्ये त्याने हैदराबादवरून नेहरूंना झोडपले, त्यांच्या भाषेची तुलना हिटलरच्या भाषेशी केली. बाबासाहेब चर्चिलचे माणूस असते तर मराठवाड्यातल्या आपल्या लोकांना त्यांनी काय सांगितले असते? निजामामागे उभे राहा. त्यांनी उलट सांगितले. नोव्हेंबर १९४७ मध्येच त्यांनी निवेदन काढून हैदराबाद संस्थानातल्या अस्पृश्यांना बजावले की निजामाच्या बाजूला जाऊ नका, सक्तीच्या धर्मांतराला बळी पडू नका. तो काळ सोपा नव्हता. औरंगाबादेत जन्मलेले बी. श्यामसुंदर यांच्यासारखे मोठे दलित पुढारी निजामाच्या बाजूने होते, त्यांची स्वतःची कारणे होती. तरी बाबासाहेबांनी ज्या चर्चिलकडून तारेने वचन घेतले होते, त्याच्या नेमकी विरुद्ध भूमिका घेतली. हस्तकपणाचा आरोप करणाऱ्यांनी मराठवाड्याच्या इतिहासातले हे पान वाचावे. चर्चिलचे वाक्य फिरवणाऱ्या आपल्या पोरांनीही वाचावे.

लंडनहून रिकाम्या हाताने परतलेल्या माणसाने मग केले काय? मार्च १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' लिहून काढले. बंगालमधून जोगेंद्रनाथ मंडल यांच्या मदतीने घटना समितीत गेले होतेच; फाळणीने ती जागा गेली, मग मुंबईतून पुन्हा आले. २९ नोव्हेंबर १९४८ ला अस्पृश्यता नष्ट करणारे कलम घटना समितीने मंजूर केले, तेच आजचे कलम १७. ॲटलीच्या मिशनला ज्यांचे नाव लिहायला जागा मिळाली नाही, त्यांच्यावरची अस्पृश्यता गुन्हा ठरवणारे कलम ज्या मसुद्यात होते, त्याच्या समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते.

इंग्लंडच्या संसदेकडून त्यांनी काही घेतले नाही असे मात्र नाही. घेतले, पण माणसे नाही, रीत घेतली. १९५१ च्या ऑक्टोबरात जालंधरच्या कॉलेजात बोलताना त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितले की इंग्लंडात विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून पगार मिळतो, संसदेत खोली आणि हाताखाली माणसे मिळतात. सत्तेने स्वतःच्या टीकाकाराला पोसायचे, ही त्यांना मोलाची गोष्ट वाटली. आपल्याकडे तो कायदा यायला १९७७ उजाडले. आणि १९४५ मध्ये, युद्ध जिंकून दिलेल्या चर्चिलला त्याच्याच लोकांनी दोन महिन्यांत मतपेटीतून घरी पाठवले. आपल्याकडे एखाद्या पुढाऱ्याने साधा समाजमंदिराचा निधी आणला तरी त्याचे फ्लेक्स पाच वर्षे उतरत नाहीत.

आजच्या ब्रिटनमध्येही हुजूर-मजूर गणित चालत नाही. तिथल्या २०१० च्या समता कायद्यात जातीचा शब्द कसा आला ते पाहा. लॉर्ड्स सभागृहात त्यासाठी वर्षानुवर्षे झगडणाऱ्यांत एक होते लॉर्ड एव्हबरी, म्हणजे एरिक लुबॉक. ना हुजूर, ना मजूर. १९६२ मध्ये ऑर्पिंग्टनची पोटनिवडणूक जिंकून देश हादरवणारे उदारमतवादी, पुढे बौद्ध झालेले, आणि इतके अवलिये की मेल्यावर आपला देह लंडनच्या बॅटरसीतल्या भटक्या कुत्र्यांच्या आश्रयगृहाला खाऊ म्हणून द्यावा, असे त्यांनी १९८७ मध्ये जाहीर केले. लोक हसले. पण जातीवर बोलताना हा माणूस कधी डळमळला नाही. जेरेमी कॉर्बिन हेही तिथल्या दलित सॉलिडॅरिटी नेटवर्कचे वर्षानुवर्षे अध्यक्ष होते, त्यांची आठवण ठेवायला हवी. एप्रिल २०१३ मध्ये लॉर्ड्सनी दुरुस्ती लावून धरली, कॉमन्सने परत पाठवली, लॉर्ड्सनी पुन्हा लावून धरली, तेव्हा कुठे सरकार झुकले आणि जातीभेदाविरुद्ध तरतूद करणे मंत्र्यांवर बंधनकारक झाले. ज्या सभागृहात सरदार-उमराव बसतात त्याने जातीच्या बाजूला मत दिले नाही, आणि जिथे निवडून आलेले बसतात तिथे सवर्ण हिंदू संघटनांच्या मतांचा हिशेब चालला.

जुलै २०१८ मध्ये थेरेसा मे यांच्या हुजूर सरकारने ती तरतूद अमलात आणणार नाही, उलट ती रद्दच करू, असे जाहीर केले. न्यायालये पाहून घेतील, असे कारण दिले. न्यायालयाने एका प्रकरणात पाहिलेही. बिहारमधून नेलेली एक आदिवासी घरकामगार बाई, मिल्टन कीन्समधल्या घरात साडेचार वर्षे जवळजवळ फुकट राबवलेली. २०१५ मध्ये तिला थकलेल्या मजुरीपोटी सुमारे १ लाख ८४ हजार पौंड मंजूर झाले, आणि जात ही वांशिक उगमात मोडू शकते असा मुद्दा तिच्यामुळे कायद्यात रुजला. तिच्या नंतरच्या बाईला मात्र तोच मुद्दा पुन्हा पहिल्यापासून वकील लावून सिद्ध करावा लागणार आहे.