आंबिल ओढ्याचे खेकडे

मृगया हा राजांचा विनोद; म्हणून तिचीं वर्णनें काव्यांत आणि बखरींत हवीं तेवढीं सांपडतात. जलचरांच्या शिकारीकडे मात्र आपण बहुधा उपजीविकेचा धंदा म्हणूनच पाहतों. ही दृष्टि अपुरी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' ग्रंथांत मत्स्यविनोद हें स्वतंत्र प्रकरण असून गळ, दोरी, आमिष आणि माशांच्या जाती यांचा त्यांत विचार केलेला आहे. मनोरंजनासाठीं मासे धरणें आपणांस परकीयांनीं शिकविलें नाहीं, एवढें यावरून उघड होतें.

खेकडे धरण्याचा विनोद मात्र राजांपेक्षां सामान्यांचा, आणि त्यांतहि मुलांचा. कोंकणांत ओहोटी लागली कीं खाडीकांठच्या बिळांत लोखंडी आकडा घालून, अथवा आमिष बांधलेलें गोल जाळें पाण्यांत सोडून चिंबोऱ्या धरतात. पहिल्या पावसानंतर रात्रीं बत्ती घेऊन शेतांत व वहाळांत मुठे धरावयास जाणें, हा तर तेथें उत्सवच. अमावास्येची चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, असा जुना समज आहे. कात टाकल्यावर खेकड्याचें अंग कांहीं काळ पोकळ राहतें, हें मात्र शास्त्रालाहि मान्य आहे.

पुण्यास समुद्र नाहीं; पण ओढे आहेत. बिबवेवाडीच्या पश्चिमेकडून जाणारा आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरांत उगम पावून मुठेस मिळतो. नानासाहेब पेशव्यांनीं अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजला तलाव बांधून तेथील पाणी नळानें शहरांत आणिलें, हें इतिहासांत नमूद आहे. बिबवेवाडी हें खेडें होतें त्या काळीं अशा ओढ्यांत दगड उलथून खेकडे धरणाऱ्या मुलांची नोंद कोण ठेवणार?

खेकड्याचें नांव सरकारी चर्चेंत आलें तें निराळ्याच कारणानें. २ जुलै २०१९ च्या रात्रीं चिपळूणजवळील तिवरे धरण फुटून वीसाहून अधिक माणसें दगावलीं, तेव्हां त्या वेळच्या मंत्र्यांनीं खेकड्यांच्या बिळांकडे बोट दाखविलें. त्याच वर्षीं २५ सप्टेंबरच्या रात्रीं आंबिल ओढ्यास पूर येऊन कांठच्या वस्त्यांत हाहाकार उडाला. तेथें दोष द्यावयास खेकडे नव्हते. ओढ्याचें पात्र माणसांनींच आवळलें होतें.

खरी हानि येथें आहे. समुद्रांतील खेकड्यांचीं सूक्ष्म पिलें प्रवाहाबरोबर दूरवर पसरतात. गोड्या पाण्यांतील मादी अंडीं आणि पिलें पोटाखालीं बाळगते. पिलें त्याच ओढ्यांत वाढतात. म्हणून एक ओढा निर्जीव झाला, तर तेथील खेकडे बाहेरून सहज परत येत नाहींत. सह्याद्रींतून २०१६ सालीं पांच नव्या जातींची नोंद झाली; अर्थात् अजून ओळख व्हावयाची आहे, तोंच कित्येक ओढे गटारें झाले आहेत.

पिलें असलेली मादी सोडून द्यावी, एवढा नियम या विनोदास पुरे. पण ज्या ओढ्यांत सोडावयाची, तो ओढाच उरला नाहीं, तर नियम तरी कोणासाठीं? ज्या वृद्धांनीं लहानपणीं या ओढ्यांत हात घातले, त्यांच्याकडून ऐकून त्या खेळाची हकीकत लिहून ठेवणें, हें आतां इतिहासप्रेमी पुणेकरांचें कर्तव्य आहे.