पाइप भिंतीबाहेर होता तेव्हा

दोन घरांमधली भिंत आग अडवण्यासाठी असते, हा विचार फार जुना आहे. 1666च्या आगीनंतर लंडनमध्ये कायदाच झाला की घरे विटेची किंवा दगडाची हवीत, आणि सामाईक भिंत किती जाड असावी हेही त्यात ठरवून दिले. मुंबईच्या कोटात 17 फेब्रुवारी 1803 रोजी लागलेल्या आगीने दाट वस्तीचा मोठा भाग खाक केला, आणि त्यानंतर वस्ती कोटाबाहेर सरकली. हा सगळा विचार अखंड भिंतीचा होता. तिला भोके पडतील हे कुणाच्या मनातही नव्हते, कारण तेव्हा बहुतेक घरांत नळ नव्हता.

नळ आले, मोऱ्या आल्या, तरी मुंबईच्या चाळींत सांडपाण्याचे पाइप मागच्या भिंतीवरून बाहेरून हाऊसगल्लीत, म्हणजे इमारतींमधल्या अरुंद बोळात, उतरत राहिले. कारण आगीचे नव्हते, रोगाचे होते. गटाराच्या दूषित हवेने आजार पसरतात, ही त्या काळच्या आरोग्यशास्त्राची पक्की समजूत, म्हणून तो वास घरात नको. पण त्यामुळे खोल्यांमधल्या भिंती शाबूत राहिल्या, आणि माझ्या मते ही योगायोगाने मिळालेली मोठीच सुरक्षा होती. पुढे पाइप इमारतीच्या पोटात, डक्टमध्ये शिरले आणि बिडाच्या जागी पीव्हीसी आले. बिडाचा पाइप आगीत बराच वेळ तग धरतो. पीव्हीसी साधारण 80 अंशांनाच मऊ पडते. मग पाइप गळून जातो आणि त्याच्याएवढे भोक उघडे पडते. पाइप आत की बाहेर, हा फरक 2016ची राष्ट्रीय बांधकाम संहिताही ओळखते. इमारतीच्या गाभ्यातल्या डक्टचे दार आतल्या बाजूला उघडत असेल, तर ते निदान 30 मिनिटे आगीला तोंड देणारे हवे. दार बाहेरच्या भिंतीवर असेल, तर तशी सक्ती नाही.

बपेऱ्यासारख्या, भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्याच्या मध्य प्रदेश सीमेकडच्या गावात याचे काय, असे कुणी विचारेल. संहितेचा रोख मुख्यतः उंच आणि गर्दीच्या इमारतींवर आहे, हे खरे. झाडीपट्टीतल्या जुन्या मातीच्या घरांत आग भिंतीतून नव्हे, कवेलूखालच्या बांबू-फाट्यांवरून शेजारी जायची, हेही खरे. पण स्लॅब टाकला की वरची ती वाट बंद होते आणि उरते ती भिंतीतली फट. मिस्त्री छन्नीने पाइपापेक्षा मोठे भोक पाडतो, कडेला सिमेंटचा एक हात मारतो. मधली पोकळी तशीच राहते.

पाण्याचा पाइप कसली आग नेणार, हा आक्षेप त्याहून वजनदार वाटतो. पण फटीतून ज्वाळा जायच्या आधी धूर जातो. 9 जानेवारी 2021 रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळे गेली. त्यांतली सात धुराने गुदमरली, असे तेव्हा सांगण्यात आले. तिथल्या आगीचा पाइपांशी संबंध नव्हता, पण धूर किती घातक असतो ते जिल्ह्याने पाहिले आहे. राहिला खर्चाचा प्रश्न. त्यावर साधे उपाय आहेत. खेड्यातल्या घरात पाइप शक्यतो बाहेरच्या भिंतीवरून फिरवावा. सामाईक भिंत ओलांडणे अटळच असेल, तर तेवढा तुकडा लोखंडी घ्यावा आणि भोवतीची पोकळी भिंतीच्या पूर्ण जाडीत मसाल्याने ठासून भरावी. हे काम प्लास्टरच्या आधीच करून घ्यावे लागते, नंतर ती फट दिसतही नाही.